रेझिंग सँड की ओल्ड यलो मून: आधी कोणता ऐकायचा?

कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या संगीतातली युगुलगीतं ऐकायची म्हटलं की हे दोन अल्बम हमखास सुचवले जातात. २००७चा 'रेझिंग सँड' रॉबर्ट प्लांट आणि ॲलिसन क्राउस यांचा, २०१३चा 'ओल्ड यलो मून' एमिलू हॅरिस आणि रॉडनी क्रॉवेल यांचा.

बक्षिसं मोजून ठरवायचं तर विषयच संपला. २००९च्या ग्रॅमी सोहळ्यात रेझिंग सँडनं पाच ग्रॅमी पटकावले. त्यात वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचाही होता, आणि तो रेडिओहेड, कोल्डप्ले, लिल वेन यांच्या नाकावर टिच्चून. एक ग्रॅमी आदल्या वर्षीच मिळाला होता. ओल्ड यलो मूनच्या वाट्याला अमेरिकाना (म्हणजे अमेरिकी लोकसंगीताच्या मुळांवरचं संगीत) या विभागातला एकच आला. तरी मी बक्षिसांचं फार मनावर घेणार नाही, कारण खरी अडचण आपल्या कानाची आहे.

आपल्या युगुलगीतात बहुतेक वेळा तो एक ओळ म्हणतो, ती उत्तर देते. कंट्रीत दोघं तेच शब्द एकाच वेळी, पण वेगवेगळ्या सुरांत म्हणतात; हीच हार्मनी. पहिल्यांदा ऐकताना यातली मूळ चाल कुठली, हेच मला कळेना. रेझिंग सँडमध्ये तर दोघं इतकं हळू आणि इतकं चिकटून गातात की कोणाचा आवाज कुठे संपला ते शोधावं लागतं. लेड झेपेलिन या रॉक बँडमध्ये गळा फाडून गाणारा प्लांट इथे जवळजवळ कुजबुजतो. क्राउस ब्लूग्रास या कंट्रीच्याच तंतुवाद्यांवरच्या शाखेतली, फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवत मोठी झालेली. तिला हार्मनी नवी नाही, त्याला होती. निर्माता टी बोन बर्नेटनं ड्रम आणि गिटारला असा धुरकट नाद दिलाय की मोबाइलच्या स्पीकरवर अर्धी मजा जाते. 'प्लीज रीड द लेटर' रात्री हेडफोनवर ऐका. हे प्लांटनं लेड झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज याच्याबरोबर १९९८ साली केलेलं गाणं. इथे त्याचा वेग उतरवलाय आणि शेवटाकडे फिडल असं शिरतं की पत्र वाचलं गेलं नाही हे आपल्याला शब्दांआधीच समजतं.

एक तक्रार मात्र आहे. तेरांपैकी तीन-चार गाणी खरं तर एकट्याचीच आहेत. 'ट्रॅम्पल्ड रोझ' तिचं, 'नथिंग' त्याचं. युगुलगीतं म्हणून घेतलात तर थोडं फसल्यासारखं वाटेल.

ओल्ड यलो मूनमध्ये तसं होत नाही. क्रॉवेल १९७५ साली हॅरिसच्या साथीच्या 'हॉट बँड'मध्ये गिटार वाजवायला आणि साथीला गायला आला. त्याचं 'ब्लूबर्ड वाइन' तिनं त्याच वर्षीच्या अल्बमच्या सुरुवातीला घेतलं होतं. अडतीस वर्षांनी ते पुन्हा आलंय, आता पुढे तो आणि मागून सूर धरणारी ती. निर्माता तेव्हाचाच, ब्रायन अहर्न, म्हणजे तिचा पूर्वीचा नवराही. घरचंच कार्य म्हणा ना! एक जण कडवं म्हणतो, दुसरा पुढे येऊन मिळतो. आपल्या कानाला ही वाट सोपी. आवाज मात्र तरुण नाहीत. हॅरिसच्या वरच्या सुरात आता किंचित खरखर येते. काही गाणी सरळधोपट आहेत, 'ब्लॅक कॅफीन' मी वगळून पुढे जातो.

कंट्रीशी अजिबात ओळख नसेल तर मी ओल्ड यलो मूनच हातात देईन. रॉक ऐकणाऱ्याला किंवा रात्री एकट्यानं ऐकणाऱ्याला रेझिंग सँड. एकाच गाण्यापुरता वेळ असेल तर मात्र ओल्ड यलो मूनमधलं 'बॅक व्हेन वी वेअर ब्युटिफुल' लावा. उतारवयातली बाई तारुण्य आठवतेय. हॅरिस ते पासष्टीत गायली आहे, आणि ती खरखर तिथे नसती तर गाणं उभंच राहिलं नसतं.