कोळ्यांसाठीचे ‘विशेष’ पेस्ट कंट्रोल : पैसे कशाचे आणि भीती कशाची?

ठाण्यात येऊरच्या डोंगरालगत असलेल्या आमच्या गृहसंकुलात पावसाळा ओसरला की पेस्ट कंट्रोलवाल्यांची पत्रके दाराच्या फटीतून आत सरकवली जाऊ लागतात. यंदा एका कंपनीने झुरळे, मुंग्या आणि वाळवी या नेहमीच्या यादीत ‘विषारी कोळ्यांपासून संपूर्ण संरक्षण’ असे एक नवे कलम घातले होते आणि त्यासाठी नेहमीच्या दराच्या जवळपास निम्मी रक्कम वर मागितली होती. घरात रांगते मूल असल्यामुळे आम्ही ती सेवा घेतली. शेजारच्या काही घरांनीही घेतली. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नसून विकल्या जाणाऱ्या गोष्टीचा आहे.

पत्रकावरच्या छायाचित्रापासूनच सुरुवात करायला हवी. त्यात काळा कुळकुळीत, तकतकीत कोळी होता आणि त्याच्या पोटावर लाल ठिपका होता. हा ‘ब्लॅक विडो’, म्हणजे काळी विधवा या नावाने ओळखला जाणारा कोळी उत्तर अमेरिकेतला आहे. त्याच्या जवळच्या भाऊबंदांच्या काही नोंदी भारतातही झाल्या आहेत, परंतु त्या तुरळक आहेत, आणि ठाण्या-पुण्याच्या सदनिकेत छताच्या कोपऱ्यात जे दिसते ते हे नव्हे. ग्राहकाच्या घरात नसलेल्या प्राण्याचे चित्र दाखवून घरात असलेल्या प्राण्यावर फवारणी विकणे हा प्रकार मला मुळातच खटकला.

मग आपल्या घरात असतात तरी कोण? सर्वांत जास्त आढळणारा तो काडीसारख्या लांब पायांचा, फिकट रंगाचा कोळी, जो माळ्यावर, कपाटामागे आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यात विस्कटलेले जाळे करून उलटा लटकत असतो. त्याला बोट लावले तर तो पळण्याऐवजी जागच्या जागी इतक्या वेगाने झुलू लागतो की त्याचा आकारच धूसर होतो. शत्रूला चकवण्याची ती त्याची युक्ती आहे. बॅटरीचा उजेड टाकून जवळून पाहिल्यास काही वेळा त्याच्या मादीच्या जबड्यात साबुदाण्याहूनही बारीक दाण्यांची एक गोळी दिसते. ती तिची अंडी असतात. दोन-चार धाग्यांनी बांधलेली ही गोळी ती पिले बाहेर येईपर्यंत तोंडातच धरून ठेवते. याच कोळ्याबद्दल ‘जगातला सर्वांत विषारी, पण दात आखूड असल्यामुळे चावू शकत नाही’ अशी एक गोष्ट मोठ्या आत्मविश्वासाने सांगितली जाते. तिला कसलाही आधार नाही.

दुसरा म्हणजे खिडकीच्या चौकटीवर दिवसाढवळ्या माशांची शिकार करणारा उड्या मारणारा कोळी. हा शिकारीसाठी जाळे विणत नाही. त्याचे समोरचे दोन डोळे शरीराच्या मानाने फार मोठे असतात आणि आपण जवळ गेलो की तो अंग वळवून सरळ आपल्याकडे पाहतो. झेप घेण्यापूर्वी तो एक धागा खाली चिकटवून ठेवतो, म्हणजे नेम चुकला तरी लोंबकळत राहता येते.

तिसरा पाहुणा मात्र पाहणाऱ्याला खरोखर दचकवतो. इंग्रजीत ज्याला हंट्समन म्हणतात तो चपटा, तपकिरी कोळी पाय पसरून भिंतीवर बसला की जवळपास तळहाताएवढा भासतो. रात्री स्वयंपाकघरातला दिवा लावल्यावर ओट्याच्या वर तो दिसला की घरात आरडाओरडा ठरलेला, आणि पेस्ट कंट्रोलला फोनही बहुधा याच्यामुळेच जातात. प्रत्यक्षात तो रात्रीच्या अंधारात झुरळे धरून खात असतो. मादी कधी कधी पोटाखाली एक पांढरी, चपटी चकती घेऊन फिरताना दिसते. तो अंड्यांचा कोश असतो. डिवचले किंवा हातात पकडले तर हा कोळी चावू शकतो आणि ती जागा दुखते, परंतु त्याच्या विषाने माणसाला गंभीर इजा होत नाही.

यावरून सगळे शेजारी विचारतात त्या प्रश्नाकडे येते : कोळी चावतो का, आणि चावला तर काय होते? जगात कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि मोजके अपवाद सोडले तर जवळपास सर्वांकडे विष असते, कारण त्यांना भक्ष्य निपचित करायचे असते. परंतु ते विष किड्यांसाठी असते; बहुतेकांचे दात माणसाच्या कातडीत नीट शिरत नाहीत आणि शिरले तरी विषाची मात्रा नगण्य असते. माणसाच्या जिवावर बेतू शकणाऱ्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. त्यांतला सर्वांत कुप्रसिद्ध, ऑस्ट्रेलियातला सिडनी फनेल-वेब, याच्या दंशावर १९८१ मध्ये प्रतिविष उपलब्ध झाले आणि त्यानंतर त्याच्या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नाही. आपल्याकडे सह्याद्रीच्या जंगलात झाडांच्या ढोल्यांत राहणारे मोठे केसाळ कोळी आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या दंशाने तीव्र वेदना आणि स्नायूंत गोळे येऊ शकतात, म्हणून जंगलात ढोलीत हात घालू नये आणि असा कोळी हौसेने हातावर घेऊ नये. मात्र या कोळ्यांचा आणि छताच्या कोपऱ्यातल्या जळमटाचा काहीही संबंध नाही.

‘रात्री अंगावरून कोळी गेला आणि सकाळी फोड आले’ ही तक्रार तर घरोघरी ऐकू येते. पत्रकात नेमका याच तक्रारीचा उपयोग करून घेतला होता. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत मानेवर, हातावर किंवा डोळ्याजवळ जळजळणारा लाल पट्टा उठतो आणि त्यावर बारीक फोड येतात, त्यामागे पुष्कळदा पिडेरस नावाचा एक लहानसा भुंगेरा असतो. तो सेंटिमीटरभराहून लहान, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा, दिव्याकडे ओढला जाणारा किडा आहे. तो चावतही नाही आणि डंखही मारत नाही. झोपेत किंवा नकळत आपण त्याला अंगावर चिरडतो, त्याच्या शरीरातले पिडेरिन हे दाहक द्रव्य कातडीला लागते आणि साधारण एका दिवसानंतर तो पट्टा उमटतो. तोवर भुंगेरा कुठेच नसतो आणि कोपऱ्यातला कोळी मात्र समोर दिसत असतो, म्हणून दोष त्याच्या माथी येतो. त्वचेचे जिवाणुसंसर्गही असेच कोळ्याच्या नावावर खपतात. प्रत्यक्ष चावताना पाहिले नसेल, तर फोड कोळ्याचा समजून अंगावर काढण्याऐवजी डॉक्टरांना दाखवणे शहाणपणाचे आहे. कोळी चावताना दिसलाच, तर जागा साबणाने धुऊन बर्फाने शेकावी. सूज वाढत गेली, अंगात गोळे आले किंवा श्वासाला त्रास झाला तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

कोकणपट्ट्यात विषारी जिवाची धास्ती बाळगायचीच असेल तर ती विंचवाची बाळगावी. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर परिणाम होऊन माणसे दगावत असत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर करून ते मृत्यू मोठ्या प्रमाणात रोखता येतात हे दाखवून दिले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. ज्या पत्रकात कोळ्यासाठी अर्धे पान खर्ची घातले होते, त्यात विंचवाचा साधा उल्लेखही नव्हता.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. ठरलेल्या वेळी दोन मुलगे आले, वागायला नम्र होते, भांडी झाकून घेण्याची आठवण त्यांनी स्वतःहून केली आणि मुलाला दिवसभर दुसरीकडे ठेवण्यास सांगितले. औषधाचा डबा दाखवण्याची विनंती केल्यावर थोडी चुळबुळ झाली, पण डबा दाखवला. हा हक्क ग्राहकाने जरूर बजावावा. डब्यावर एक तिरका चौकोन असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. हा उतरत्या विषारीपणाचा क्रम आहे. व्यावसायिक फवारणी करणाऱ्याकडे कीटकनाशक कायदा, १९६८ अन्वये परवाना असावा लागतो, तोही पाहायला मागावा. आमच्याकडे वापरलेले औषध पायरेथ्रॉइड गटातले होते. या गटाची औषधे माशांना फार घातक असल्याने माशांची टाकी घरात असणाऱ्यांनी ती आधी हलवावी, आणि मांजर पाळणाऱ्यांनीही विशेष काळजी घ्यावी, कारण या गटातील काही औषधे मांजरांना सोसत नाहीत.

झुरळांच्या बाबतीत गुण आला, यात शंका नाही. ओट्याखाली लावलेल्या जेलच्या ठिपक्यांनी झुरळे खरोखर कमी झाली. परंतु ‘विशेष’ म्हणून ज्याचे पैसे घेतले, ते म्हणजे त्याच औषधाची भिंतीच्या वरच्या कडेने मारलेली आणखी एक फवारणी, आणि ती कोळ्यांवर का चालत नाही हे समजून घेण्यासारखे आहे. झुरळ फवारलेल्या जमिनीवरून पोट घासत चालते आणि नंतर मिशा, पाय तोंडाने साफ करते, त्यामुळे औषध त्याच्या पोटात जाते. शिवाय ते जेल खाते. कोळी साधारणपणे जिवंत भक्ष्यच धरतो, म्हणून कोणतेही आमिष त्याच्यासाठी निरुपयोगी ठरते. तो लांब पायांच्या टोकांवर चालतो आणि लांबपायांचा कोळी तर बहुतेक वेळ भिंतीला न शिवता जाळ्यातच लटकलेला असतो. फवारा थेट अंगावर पडला तर तो मरतो, पण भिंतीवर वाळलेल्या थराचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. हंट्समनसारख्या कोळ्यांच्या अंड्यांचा कोश तर रेशमाने इतका घट्ट विणलेला असतो की औषध आत पोचणे कठीण.

झाले तसेच. काही दिवस जमिनीवर दोन-चार मेलेले कोळी सापडले, आणि महिना उलटण्याच्या आत खिडकीवरच्या त्याच कोपऱ्यात नवी जाळी दिसू लागली. तीन महिन्यांची हमी असल्यामुळे कंपनीला फोन केला. दोनदा आठवण करून दिल्यावर माणूस आला. या वेळी आलेल्याने पंप बाजूला ठेवला, लांब काठीचा ब्रश मागितला आणि सगळे कोपरे साफ केले. ‘ताई, औषधाने कोळी जात नाही. जाळं आणि त्यातली अंडी काढत राहिलात की तो जागा बदलतो,’ असे तो सहज बोलून गेला. त्याच्या मालकाच्या पत्रकापेक्षा हे वाक्य अधिक मोलाचे होते, आणि ब्रश तर आमचाच होता.

बाजारात याखेरीज दोन वस्तू ‘कोळी पळवणाऱ्या’ म्हणून मिळतात. प्लगमध्ये लावायच्या, कानाला न ऐकू येणारा आवाज काढणाऱ्या यंत्रावर पैसे घालवू नयेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच अशा यंत्रांच्या साठाहून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना दाव्यांना शास्त्रीय आधार हवा अशी तंबी दिली होती. पुदिन्याच्या तेलाचा फवारा खोलीला छान वास आणतो. याहून अधिक काही त्याच्याबद्दल लिहिता येत नाही.

उपयोगी पडतो तो मागेपुढे होणाऱ्या दांड्याचा जळमटे काढायचा ब्रश. गोल डोक्याचा घ्यावा, कारण सपाट ब्रश कोपऱ्यात शिरत नाही, आणि दांड्याची पकड फिरवून घट्ट होणारी असावी. नुसत्या खटक्यावर अडकणारे दांडे छताला टेकवताच आत सरकतात. जाळी काढल्यावर ब्रश बाल्कनीबाहेर झटकला की कोळी जिवंत बाहेर जातो. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी बसवणे आणि बाल्कनीतला पांढरा दिवा रात्रभर न ठेवणे यांचाही फरक पडतो, कारण दिव्याभोवती चिलटे नसली की कोळ्याला तिथे बसण्याचे कारण उरत नाही. पिडेरसचा त्रासही याच उपायाने कमी होतो. पाणी साचणाऱ्या मोरीत कोळी दिसला तर तो नळीतून वर आला असे समजण्याचे कारण नाही. पाण्याच्या शोधात उतरून गुळगुळीत फरशीवर त्याला चढता आलेले नसते. त्याच्यावर पेला पालथा घालून खालून जाड कागद सरकवला की काम होते.

कोळ्याच्या नुसत्या दर्शनाने ज्यांना घाम फुटतो, त्यांच्या भीतीची मी टिंगल करणार नाही. ती भीती खरी असते आणि तिचे उपचारही मानसोपचारतज्ज्ञांकडे आहेत. परंतु अशा माणसालाही ही फवारणी काही देत नाही, कारण डोंगराकडून येणारा हंट्समन हमीपत्र वाचून येत नाही.

या कंपनीला झुरळांच्या कामासाठी पाचपैकी चार आणि कोळ्यांच्या कलमासाठी एक गुण देते, तोही ब्रश चालवणाऱ्या माणसासाठी. पुढच्या वर्षी सेवा घेताना ते कलम खोडून मगच सही करणार आहे. हमीच्या फेरीत दर महिन्याला जाळी काढून देणार असतील, तर त्याचे वेगळे पैसे द्यायला मात्र आमची तयारी आहे.