फ्लटर ३.३५ ते ३.३८ : आठ जीबीच्या लॅपटॉपवर काही महिने वापरल्यानंतर

माझ्या लॅपटॉपची रॅम आठ जीबी आहे आणि ती मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असल्यामुळे वाढवता येत नाही. गेल्या पावसाळ्यात पंखा बंद पडला म्हणून तो पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानात दिला, तेव्हा दुकानदाराने पंखा तर बदलून दिला, पण "आता सोळा जीबीचा नवाच घेऊन टाका" असा सल्लाही दिला. चालू स्थितीतले यंत्र केवळ नवी साधने जड झाली म्हणून बदलायचे, हे मला पटत नाही. त्यामुळे फ्लटरची, म्हणजे मी ज्या साधनाने ॲप्स तयार करतो त्याची, नवी आवृत्ती आली की मी तिच्याकडे एकाच दृष्टीने पाहतो : हिच्यामुळे माझ्या लॅपटॉपवरचा भार वाढणार आहे की कमी होणार आहे?

३.३५ ने तो कमी केला, आणि ज्या सुविधेमुळे केला तिचा उल्लेख बहुतेक जण एका ओळीत उरकून पुढे जातात. ती सुविधा म्हणजे वेबवरील हॉट रीलोड : ॲप चालू असतानाच कोडमधला बदल त्यात उमटवणे. मे २०२५ मध्ये आलेल्या ३.३२ मध्ये ती प्रायोगिक होती आणि कमांडमध्ये वेगळा फ्लॅग (पर्याय) देऊन चालू करावी लागत असे, ऑगस्टमधल्या ३.३५ पासून ती आपोआप चालू असते. त्याआधी क्रोममध्ये केवळ हॉट रीस्टार्ट मिळत असे. कोडमध्ये एक आकडा बदलला तरी ॲप पहिल्या स्क्रीनपासून पुन्हा सुरू होई आणि तोवर भरलेले सगळे पुसले जाई.

याचा त्रास किती होता, हे माझ्या कामावरून सांगतो. मार्केट यार्डातील भुसार मालाच्या काही व्यापाऱ्यांसाठी मी हिशेबाचे ॲप करतो. त्यातला पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदाचा, फॉर्म लांबलचक आहे : शेतकऱ्याचे नाव, गाडीचा क्रमांक, मालाचा प्रकार, पोती, वजन, दर, मग हमाली, तोलाई, आधी दिलेली उचल आणि सर्वांत खाली निव्वळ देणे. वजाबाकीचे आकडे एकाखाली एक नीट बसतात की नाही, सहा अंकी रक्कम आली की ओळ फुटते की काय, हे फॉर्म पूर्ण भरल्याशिवाय कळतच नाही. पूर्वी तोलाई आणि उचल यांच्यामधले अंतर थोडे वाढवायचे झाले, तरी लॉगिनपासून सगळा फॉर्म पुन्हा भरावा लागे. आता मी फाइल जतन करतो आणि भरलेले आकडे जागच्या जागी राहून फक्त ती ओळ खाली सरकते. दिवसभरात असे बदल किती होतात, हे ज्यांनी हिशेबाची ॲप्स केली आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

"मग यूएसबीने फोन जोडून हेच का केले नाही?" असा प्रश्न येईल. फोनवर हॉट रीलोड पहिल्यापासून आहे, हे खरे. पण फोनवर ॲप चढवायचे म्हणजे आधी ग्रेडलचा बिल्ड आला, म्हणजे कोडपासून अँड्रॉइडचे ॲप बांधणे आले. फ्लटर नवीन प्रकल्प तयार करते तेव्हा ग्रेडलच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये जावासाठी मेमरीची कमाल मर्यादा चक्क ८ जीबी लिहून देते. ज्या यंत्राची एकूण रॅमच तेवढी आहे, तिथे कोड लिहिण्याचा संपादक, क्रोम आणि हा बिल्ड एकत्र आले की माउसचा बाणसुद्धा हलत नाही. मी ती मर्यादा २ जीबीवर आणली आहे. बिल्ड थोडा रेंगाळतो, पण पूर्ण होतो. इम्युलेटरचा, म्हणजे लॅपटॉपवर चालणाऱ्या आभासी फोनचा, तर विचारच नको, कारण त्यासह अँड्रॉइड स्टुडिओ वापरायचा असेल तर अधिकृत अपेक्षाच १६ जीबीची आहे. क्रोमच्या वाटेत ग्रेडल येत नाही. माझा जीव या एका सुविधेत अडकला आहे तो एवढ्यासाठी.

तिच्या मर्यादाही मांडल्या पाहिजेत. मेन फंक्शनमध्ये (ॲप जिथून सुरू होते तिथे) किंवा विजेटच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या घटकाच्या, इनिटस्टेटमध्ये (तो सुरू होताना एकदाच चालणाऱ्या कोडमध्ये) केलेला बदल हॉट रीलोडने पुन्हा चालवला जात नाही, आणि स्टॅटिक चलांच्या आरंभीच्या किमती जुन्याच राहतात. तिथे रीस्टार्ट करावाच लागतो. हा नियम फोनवरही तोच आहे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. खरी अडचण प्लगइनची, म्हणजे ॲपला जोडलेल्या तयार पूरक भागांची आहे. ॲपमधील नोंदी मी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवतो आणि पट्टी ब्लूटूथच्या छोट्या प्रिंटरवर छापतो. मी वापरत असलेली ही दोन्ही प्लगइन क्रोममध्ये चालत नाहीत. यावर उपाय म्हणून नोंदी ठेवणे आणि छपाई या दोन्ही गोष्टी मी कोडमधल्या वेगळ्या वर्गांमागे (क्लासमागे) नेल्या आणि वेबवर चालवताना त्यांच्या जागी तात्पुरत्या नोंदी परत देणारे वर्ग जोडले. या कामात बराच वेळ गेला, परंतु त्यामुळे स्क्रीनचा कोड आणि हिशेबाचा कोड एकमेकांपासून कायमचे सुटे झाले, हा लाभ मी मुळात धरलेला नव्हता.

एका बाबतीत माझे मत मध्येच बदलले. फेब्रुवारी २०२५ मधल्या ३.२९ मध्ये वेबचा जुना एचटीएमएल रेंडरर (ब्राउझरमध्ये स्क्रीन रेखाटणारा भाग) काढून टाकला, तेव्हा मला तो निर्णय अजिबात आवडला नव्हता. त्या रेंडररमध्ये यंत्रावरचेच फॉन्ट वापरले जात, त्यामुळे मराठी मजकूर आपोआप दिसे. आताच्या कॅनव्हासकिट या रेंडररला ॲपसोबत देवनागरी फॉन्ट दिला नसेल, तर तो नोटो फॉन्ट नेटवरून उतरवून घेतो, आणि तो येईपर्यंत ‘हमाली’च्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. पेठेतल्या जुन्या वाड्यात, जिथे नेट येते-जाते, तिथे या चौकटी बराच वेळ तशाच राहत. मुक्त परवान्यातला ‘मुक्ता’ हा फॉन्ट प्रकल्पातच ठेवल्यावर चौकटी गेल्या, आणि त्यासोबत दुसरी गोष्ट लक्षात आली : क्रोममध्ये ‘निव्वळ देणे’ ज्या रुंदीला दुसऱ्या ओळीवर जाते, त्याच रुंदीला ते फोनवरही जाते. ओळीची उंची कमी ठेवली की ‘पावती’ची वेलांटी किंवा रफार वरून कापला जातो, तोही आता क्रोममध्येच दिसतो. ज्याच्या भरवशावर मांडणी पक्की करता येईल असे चित्र एचटीएमएल रेंडररने मला कधी दिले नव्हते. आज तो परत आणला, तरी मी वापरणार नाही.

मात्र क्रोमवर कितीही विसंबलो, तरी एक गोष्ट तिथे दिसणे शक्यच नव्हते. ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवरील अपडेटसाठी टार्गेट एसडीके ३५ (ॲप अँड्रॉइड १५ साठी तयार असल्याची नोंद) बंधनकारक झाला, आणि अँड्रॉइड १५ असलेल्या फोनवर असे ॲप स्क्रीनच्या कडेपर्यंत, म्हणजे खालच्या तीन बटणांच्या पट्टीमागेही पसरते. अपडेट गेल्यावर एका व्यापाऱ्यांचा फोन आला : "अहो, ‘जतन करा’ दाबायला जातो, तर फोनचं होमच दाबलं जातंय." ऐन लिलावाच्या वेळी हे घडावे, याचा मला मनापासून त्रास झाला. स्कॅफोल्डच्या, म्हणजे स्क्रीनच्या सांगाड्याच्या, तळाशी स्वतः रचलेली बटणांची ओळ सेफएरिया या मोकळी जागा राखणाऱ्या विजेटमध्ये गुंडाळली की प्रश्न सुटतो. थीमच्या फाइलमध्ये एक ओळ टाकून ही सक्ती टाळण्याचीही सोय आहे. पण टार्गेट एसडीके ३६ केल्यावर अँड्रॉइड १६ ती ओळ मानत नाही, म्हणून त्या पळवाटेच्या नादी लागू नये. ॲप वर चढवण्यापूर्वी तीन बटणांचा एक अँड्रॉइड १५ फोन हातात हवाच. मी तो शेजाऱ्यांकडून मागून घेतो.

बाकीच्या नव्या गोष्टींविषयी थोडक्यात. इंपेलर हा फ्लटरचा चित्रण करणारा नवा भाग ३.२७ पासून अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या, व्हल्कन ही ग्राफिक्स प्रणाली चालणाऱ्या फोनवर मूळचाच आहे. शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) आधीच तयार असल्यामुळे लांब यादी पहिल्यांदा सरकवताना जो झटका बसे, तो माझ्या ॲपमध्ये उरलेला नाही. पूर्ण ॲप न चालवता एखादाच विजेट पाहू देणारा विजेट प्रिव्ह्यू अजून प्रायोगिक आहे आणि त्यासाठी लागणारी मेमरी माझ्याकडे नाही. फ्लटरची भाषा असलेल्या डार्टच्या ३.१० मधील डॉट शॉर्टहँडमुळे एनमचे (ठरावीक पर्यायांच्या यादीचे) लांबलचक नाव न लिहिता नुसत्या टिंबापासून सुरुवात करता येते. कोड वाचायला सुटसुटीत होतो, पण केवळ तेवढ्यासाठी अपडेट करावे असे मी म्हणणार नाही.

नोव्हेंबरमध्ये आलेल्या ३.३८ वर मी गेलो, तो पुन्हा हॉट रीलोडसाठीच. आता तो वेब-सर्व्हर पद्धतीतही, म्हणजे फ्लटर स्वतः क्रोम न उघडता फक्त ॲपचा पत्ता देते तेव्हाही, मुळातून चालू असतो. मिळालेला पत्ता आपल्या पसंतीच्या ब्राउझरमध्ये उघडता येतो आणि एकाच वेळी एकाहून अधिक ब्राउझर जोडलेले राहू शकतात. मी एक खिडकी फोनच्या रुंदीची ठेवतो आणि दुसरी व्यापाऱ्याच्या गादीवरच्या संगणकाच्या रुंदीची. दोन्हींत तीच पट्टी भरून ठेवली की एकदा जतन केल्यावर बदल दोन्हीकडे उमटतो, आणि अरुंद खिडकीत बसवलेली ओळ रुंद खिडकीत विस्कटली तर ते त्याच क्षणी कळते. ही सोय हवी असणाऱ्यांनी सरळ ३.३८ घ्यावी. ३.३५ वर ज्यांचे काम सुरळीत चालले आहे आणि एका खिडकीत भागते आहे, त्यांनी चालू प्रकल्प पुरा होईपर्यंत घाई करू नये, कारण नव्या आवृत्तीनंतरचा अँड्रॉइडचा पहिला बिल्ड पुष्कळ डेटा उतरवतो. मी तो रात्री लावून ठेवतो.