सुदामानगरातले ‘कमी विषाचे’ दुकान: भाजी घ्यावी, साबण तपासून घ्यावा

इंदूरात ‘ऑरगॅनिक’ अशी पाटी लावलेली दुकाने आता इतकी झाली आहेत की नुसत्या पाटीवर भरवसा ठेवून दीडपट पैसे मोजायला कोणी सहजासहजी तयार होत नाही, आणि त्यात गैर काहीच नाही. सुदामानगरातील ज्या छोट्या दुकानाविषयी येथे लिहीत आहे, तेथे भाजी, धान्य आणि घरगुती वापराच्या वस्तू मिळतात. परंतु त्याची दखल घ्यावीशी वाटली ती गल्ल्याशेजारी ठेवलेल्या जाड नोंदवहीमुळे. ही वही कोणत्याही गिऱ्हाइकाने उघडून वाचावी अशी दुकानदारांची अपेक्षा असते, आणि मागितल्यावर ती कपाळाला आठ्या न घालता पुढे केली जाते.

वहीत प्रत्येक मालापुढे शेतकऱ्याचे गाव, शेवटची फवारणी कशाची आणि कोणत्या तारखेची, तोडणी कधीची आणि फवारणाऱ्याने हातमोजे व तोंडाला फडके किंवा मास्क वापरला होता की नाही, एवढे रकाने आहेत. सांवेरकडून आलेल्या वांग्यांपुढे निंबोळी अर्क आणि कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे) अशी नोंद होती. त्याच्याच खाली टोमॅटोपुढे मात्र एका रासायनिक बुरशीनाशकाचे नाव, मात्रा आणि तोडणीपर्यंत उलटलेले दिवस सरळ लिहिलेले होते. माझा विश्वास बसला तो या दुसऱ्या ओळीमुळे. सगळा माल शंभर टक्के नैसर्गिक असल्याचे सांगणारे दुकान काय लपवते हे कळायला मार्ग नसतो; जे दुकान रसायन वापरल्याचे स्वतःहून लिहून ठेवते, त्याच्याशी निदान बोलता येते. प्रमाणपत्र असलेला माल वेगळ्या मांडणीवर ठेवलेला असून प्रमाणपत्र नसलेल्या भाजीला ‘ऑरगॅनिक’ म्हणण्याचे दुकानदार कटाक्षाने टाळतात.

फवारणी आणि तोडणी यांमधल्या दिवसांना एवढे महत्त्व देण्याचे कारण असे की ‘भाजी मिठाच्या पाण्यात घातली की झाले’ हा आपला घरगुती उपाय अर्धाच खरा आहे. सालीवर बसलेला अंश धुण्याने बऱ्याच प्रमाणात कमी होतो. पण इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके झाडाच्या रसात भिनतात आणि तेथे नळाच्या पाण्याचे काही चालत नाही. त्यासाठी शेतकऱ्याने औषधाच्या डब्यावर छापलेला प्रतीक्षा कालावधी, म्हणजे शेवटच्या फवारणीनंतर तोडणीआधी सोडायचे दिवस, पाळणे हाच उपाय उरतो, आणि तो पाळला की नाही हे गिऱ्हाइकाला सांगणारी सोय नेहमीच्या बाजारात नाही.

दुकानाचा दुसरा नियम असा की लाल त्रिकोणाचे औषध वापरलेला माल तेथे घेतला जात नाही. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर विषारीपणाप्रमाणे लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, आणि लाल म्हणजे अत्यंत विषारी. मोनोक्रोटोफॉस हे त्यांतले सर्वांत बदनाम नाव. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या मध्यान्ह भोजनातून २३ मुले दगावली ती याच विषाने. भाजीपाल्यावर त्याच्या वापराला २००५ सालापासून बंदी होती, तरी ते इतर पिकांसाठी दुकानात मिळतच राहिले, आणि जे दुकानात मिळते ते शेताच्या कोणत्या वाफ्यावर पडते हे कोण पाहणार? विषावर पूर्ण बंदी यायला होणारा उशीर आपल्या मध्यप्रदेशाला तर चांगलाच ठाऊक असावा. ज्या कार्बारिलच्या निर्मितीसाठी भोपाळच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन साठवलेले होते, ते कीटकनाशक आपल्याकडे बंद झाले २०१८ च्या आदेशाने, म्हणजे १९८४ च्या वायुगळतीच्या त्या रात्रीनंतर ३४ वर्षांनी.

हातमोज्यांचा रकाना काही गिऱ्हाइकांना अनावश्यक वाटतो, असे दुकानदार म्हणाले. मला तो सर्वांत मोलाचा वाटला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांनी जीव गमावला. आपल्या ताटात येणारा अंश सूक्ष्म असतो, फवारणाऱ्याच्या अंगावर मात्र पंपातला सगळा फवारा उडतो.

गैरसोयी आहेत. वांग्यांत अळी निघते. मी घेतलेल्या भरताच्या वांग्याला देठाजवळ टाचणीच्या डोक्याएवढे भोक होते आणि चिरल्यावर आत अळीने पोखरलेला काळपट बोगदा अर्ध्या फळापर्यंत गेलेला दिसला. दुकानदार असे वांगे विनातक्रार बदलून देतात, पण खेप वाया जाते ती जातेच. गिलकी, भोपळा, पालेभाज्या चांगल्या मिळतात. पावसाळ्यात फुलकोबी नसतेच, आणि त्याबद्दल विचारले असता, ‘‘ताई, या दिवसांत फवारणीशिवाय फुलकोबी पिकवतो म्हणणारा एक तर नशीबवान, नाही तर खोटारडा,’’ असे उत्तर मिळाले. भाव चोइथराम मंडीतून येणाऱ्या भाजीच्या दीडपट धरून चालावे. घरपोच सेवा आहे, पण वेळेचा भरवसा नाही.

दुकानाच्या दुसऱ्या भागात साबण, फरशी पुसण्याचे द्रव, कुंकू वगैरे वस्तू आहेत, आणि येथे माझे मत बदलते. कुंकू उत्तम आहे. हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तेव्हा चिमूटभर कुंकवावर लिंबाचा थेंब टाकला आणि तो डाग पाहता पाहता पिवळा झाला. याचा अर्थ लाली हळदीचीच, शिशाच्या शेंदराची किंवा कृत्रिम रंगाची नव्हे. लोकरीच्या कपड्यांत ठेवायच्या वेखंड-लवंगांच्या पुरचुंड्याही घेण्यासारख्या आहेत. डांबराच्या गोळ्यांतले नॅफ्थलीन काही बाळांच्या तांबड्या पेशी फोडते, म्हणून लहान मूल असलेल्या घरात त्या गोळ्या नसलेल्याच बऱ्या.

फरशीच्या द्रवाच्या बाटलीवर मात्र ‘केमिकल-फ्री’ असे ठसठशीत छापून खाली घटकांच्या जागी फक्त ‘वनस्पतिजन्य द्रव्ये’ एवढेच लिहिले आहे. फेस कशाने येतो, वास कशाचा, टिकवण्यासाठी काय घातले, याचा पत्ता नाही. ‘जंतुनाशक’ म्हणवणाऱ्या हात धुण्याच्या साबणाचीही तीच गत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली अशा साबणांतून ट्रायक्लोसान हे जंतुनाशक रसायन हद्दपार केले. या बाटलीत ते आहे की नाही हे बाटली वाचून कळत नाही. टोमॅटोच्या बाबतीत जो हिशेब दुकानदार स्वतः ठेवतात, तोच साबण बनवणाऱ्याकडून का मागत नाहीत, हे मला समजले नाही. साधे रिठ्याचे पाणी तेवढे नि:शंकपणे घ्यावे. फेस कमी येतो, भांडी मात्र निघतात.

दाराशी कंपोस्टच्या पिशव्या असतात आणि त्यांवर ‘इंदूर पद्धत’ असे लिहिलेले असते. हा दावा पोकळ नाही. होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक अंतराने ते पालटून खत करण्याची जी रीत बसवली, ती जगभर आपल्या शहराच्या नावाने ओळखली जाते. पिशवीतले खत काळे, भुसभुशीत आणि दुर्गंधीरहित होते. कुंडीतल्या मिरचीला ते मानवले.

भाजी सकाळी दहाच्या आत घ्यावी, कारण दुपारी उरतो तो गाळच. साबणाच्या बाटल्यांविषयी विचारले तेव्हा उत्पादकाकडून घटकांची यादी मागवतो असे दुकानदारांनी सांगितले. हे लिहीपर्यंत बाटल्यांवर जुनीच चिठ्ठी आहे.