पिंजराच्या गाठींवर 200 जीएसएमची ताडपत्री: एक उन्हाळा, एक पावसाळा

औंदा मळणी झाल्यावर पहिल्यांदाच पिंजराला, म्हणजे भाताच्या पेंढ्याला, बेलर (गाठी बांधायचं यंत्र) मारून घेतला. निम्म्या गाठी गोठ्याच्या माळ्यावर मावल्या, उरलेल्या खळ्यावर उघड्यावर. त्यांच्यासाठी बेळगावातून 200 जीएसएमची (चौरस मीटरला 200 ग्रॅम भरणारी), यूव्हीवाली (उन्हाला टिकणारी) ताडपत्री आणली. आता गणपती होऊन गेले, म्हणून लिहितोय. गाव जांबोटीच्या बाजूला, त्यामुळे पाऊस कसला ते सांगायला नको.

वरून थेंब आत गेला नाही. उन्हाळाभर तापूनही कापड तडकलं नाही. शेजाऱ्यांच्या पातळ निळ्या ताडपत्रीच्या मिरगाआधीच चिंध्या झाल्या. दोरी ओवायच्या रिंगा मात्र कुचकामी, वळवाच्या वाऱ्यात कोपऱ्यांवरच्या उपटल्या. मग वरून आडव्या दोऱ्या टाकून टोकांना चिरे लोंबते बांधले. वारा सुटला की चिरा हलतो, कापड फाटत नाही. माकडांवर इलाज नाही.

खरं नुकसान खालून झालं. काही गाठी लाकडी ओंडक्यांवर होत्या, ओंडके संपले म्हणून बाकीच्या नुसत्या मुरमावर. ओंडक्यांवरचं पिंजर श्रावणातही पिवळंधमक. मुरमावरची गाठ उचलायला गेलो तर ज्यूटची सुतळी कुजून हातात आली, पोट काळं, कुबट वास, आत हात घातला तर ऊब. गाठ लहान असली की हे फार महागात जातं. दोन फुटी गोल गाठीचा बाहेरचा अर्धा फूट सगळीकडून सडला, तर पाऊण पिंजर गेलं आणि जनावराच्या तोंडी पाव राहिलं! बुरशीचं पिंजर गाभण म्हशीपुढं टाकायची सोय नाही, ते उकिरड्यात गेलं.

ताडपत्री चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ओढली की आतून घाम धरते. दोन्ही टोकं उघडी ठेवून मधला कणा उंच केला, तेव्हा थांबलं. आणि गाठी बांधताना पिंजर कडकडीत वाळलेलं हवं. ओल 20 टक्क्यांच्या वर असली तर वरून काहीही झाका, आत तापतंच.

बाबा म्हणतात, "गंजी नीट रचली असती तर हे प्लॅस्टिक कशाला रे?" खरंय, पण गंजी रचणारी माणसं आता गावात हुडकावी लागतात. गाठी आम्ही दोघांनीच लावल्या.

पाचपैकी चार, एक रिंगांचा कापला. अथणी-चिकोडीकडं पाऊस कमी, तिथं एवढी जाड नको. पण ऊन बघता यूव्ही नसलेली फुकट मिळाली तरी घेऊ नका.