विश्रामबागेतला आयेल्ट्सचा वर्ग: कान तयार होतो, हात कच्चा राहतो

आयेल्ट्स म्हणजे बाहेरच्या विद्यापीठात प्रवेशासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा. तिच्या लिसनिंगसाठी या वर्गाला जायचं असेल तर बिनधास्त जा. रायटिंगसाठी जायचं असेल तर फी भरण्याआधी काउंटरवर एकच प्रश्न विचारा: आठ आठवड्यांत माझे किती निबंध तपासून माझ्या हातात परत येणार? आकडा सांगितला तर पुढचं बोला. "आम्ही भरपूर प्रॅक्टिस घेतो" असं उत्तर आलं तर समजून जा.

वर्ग सांगली-मिरज रस्त्यालगतच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. नाव मुद्दाम देत नाही, कारण याच साच्यातले वर्ग मिरजेपासून कराड-साताऱ्यापर्यंत आहेत आणि खाली लिहिलेल्या कसोट्या त्यातल्या कुणालाही लावता येतील. बॅच २४ मुलांची, संध्याकाळी ६ ते ८, आठवड्याला पाच दिवस. येणारी मुलं बहुतेक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची, बाहेरच्या विद्यापीठात प्रवेश हवा असलेली. रीडिंग आणि स्पीकिंगही शिकवतात, ते ठीकठाक आहे. इथे फक्त लिसनिंग आणि रायटिंगबद्दल.

लिसनिंगचा तास घेणारे सर मराठी कानाला ओळखून आहेत, ही या वर्गाची खरी कमाई. रोज पहिली पंधरा मिनिटं नुसती आकड्यांची डिक्टेशन. आयेल्ट्सच्या लिसनिंगमध्ये पहिल्या भागात फोन नंबर, तारखा, पत्ते, किमती हमखास येतात आणि आपली मुलं तिथेच सोपे मार्क घालवतात. कारण साधं आहे. आपण सत्तेचाळीस म्हणतो तेव्हा सात आधी येतो, चाळीस नंतर. 'फॉर्टी-सेव्हन' ऐकून मनात मराठी केलं की पेन आधी ७ लिहून मोकळं होतं. सरांचा नियम असा की आकडा ऐकताना मराठी करायचं नाही, अंक कानावर पडेल तसा कागदावर टाकायचा. थर्टीन आणि थर्टीसाठी जोर कुठे पडतो ते ऐकायला लावतात: थर्टीनमध्ये जोर शेवटी, थर्टीमध्ये सुरुवातीला. शून्याला 'ओ' म्हणतात, ७७ ला 'डबल सेव्हन', हे पहिल्याच आठवड्यात पक्कं होतं.

वेळेच्या बाबतीत मात्र मराठी कामी येतं आणि सर ते नेमकं वापरतात. 'क्वार्टर टू' म्हणजे पावणे, 'क्वार्टर पास्ट' म्हणजे सव्वा. ब्रिटिश माणूस 'हाफ सेव्हन' म्हणाला की साडेसात. साडेसहा लिहिणारी मुलं दर बॅचला निघतात. साडे, सव्वा, पावणे ज्याच्या अंगात मुरलंय त्याने खरं तर चुकायला नको.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे चकवा ओळखण्याचा सराव. रेकॉर्डिंगमधला माणूस आधी एक उत्तर देतो आणि मग फिरवतो: शुक्रवारी येतो म्हणतो, मग आठवतं की शुक्रवारी काम आहे, शेवटी शनिवार ठरतो. पहिलं उत्तर लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळलेला मुलगा तिथेच फसतो. सर 'बट', 'अ‍ॅक्च्युअली', 'ओ नो, वेट' असे शब्द कानावर पडताच हात वर करायला लावतात. बालवाडीसारखं वाटतं, पण दोन आठवड्यांत कान आपोआप टवकारतात.

शब्दमर्यादेबाबतही कडक आहेत, आणि ते योग्यच. प्रश्नावर 'नो मोर दॅन टू वर्ड्स' असेल आणि तुम्ही 'अ ब्लू जॅकेट' लिहिलंत तर उत्तर बरोबर असूनही शून्य. 'ब्लू जॅकेट' पुरे. स्पेलिंग चुकलं तर मार्क नाही, अनेकवचनाचा एस राहिला तरी नाही. ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही स्पेलिंग चालतात. अकॉमोडेशनमध्ये सी दोन आणि एमही दोन, वेनस्डेमधला न ऐकू येणारा डी, फेब्रुवारीतला पहिला आर, असे साठेक शब्द भिंतीवर चिकटवलेत. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही जागा कोरी सोडायची नाही, हेही रोज बजावलं जातं.

एवढ्याचा उपयोग किती, तर हिशेब बघा. ४० पैकी साधारण २३ बरोबर आले की ६ बँड (आयेल्ट्समधली गुणांची श्रेणी), ३० ला ७, ३५ ला ८. सहावरून सातवर जायला सात प्रश्न लागतात. त्यातले काही इंग्रजी सुधारून नाही, नुसता एस आणि स्पेलिंग सांभाळून मिळतात.

आता लिसनिंगमधल्या खटकणाऱ्या गोष्टी. मॉक टेस्ट भिंतीवरच्या स्पीकरवर घेतात. खोली रस्त्याकडची, वर दोन पंखे, आवाज घुमतो, आणि शब्दाच्या शेवटचा एस किंवा डी नेमका त्यात विरून जातो. संगणकावरच्या परीक्षेत कानाला हेडफोन असतो. मग मॉकमध्ये १९ मिळवून रडवेलं होण्यात काय अर्थ? स्वतःचा वायरवाला हेडफोन न्या आणि कोपऱ्यातल्या संगणकावर बसवा म्हणा, नाही म्हणत नाहीत.

त्याहून मोठी चूक वेळेची. कागदावरच्या परीक्षेत रेकॉर्डिंग संपल्यावर उत्तरपत्रिकेत उत्तरं उतरवायला १० मिनिटं मिळतात. संगणकावर नुसतं तपासायला २ मिनिटं. हा वर्ग सगळ्यांना सरसकट १० मिनिटं देतो. मुलाला सवय लागते की आत्ता खरडून ठेवू, स्पेलिंग नंतर बघू. परीक्षेत ते 'नंतर' येतच नाही. संगणकावर परीक्षा देणार असाल तर रेकॉर्डिंग थांबताच मनाने घड्याळ लावा, दोन मिनिटांनी पेन खाली.

चौथ्या भागाचा सरावही अर्धामुर्धा होतो. तिथे एकच व्यक्ती एखाद्या शैक्षणिक विषयावर व्याख्यान देते आणि पहिल्या तीन भागांसारखी मध्ये पुढचे प्रश्न वाचायची उसंत मिळत नाही. सर मात्र समजावण्यासाठी मध्येच रेकॉर्डिंग थांबवतात. शिकवताना हरकत नाही, मॉकमध्ये चालणार नाही. परीक्षेत सगळं एकदाच ऐकवतात. शिवाय हा भाग पावणेआठनंतर येतो. तासगाव, कवठेमहांकाळकडची मुलं तोवर एसटी पकडायला निघालेली असतात. ज्याला गाडी गाठायचीय त्याने शनिवारची सकाळची मॉक मागून घ्यावी.

रायटिंगकडे येऊ. ६० मिनिटं, दोन प्रश्न: पहिल्यात आलेख किंवा तक्त्याचं वर्णन, किमान १५० शब्द; दुसऱ्यात निबंध, किमान २५०. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट, म्हणून वेळ २० आणि ४० अशी वाटायची. हे वर्गात फळ्यावर लिहिलेलं आहे. पण शिकवण्याचं वेळापत्रक उलटं: आलेखाला तीन आठवडे, निबंधाला दोन. दुप्पट वजनाच्या प्रश्नाला कमी वेळ का, हे विचारलं तर आलेख 'स्कोअरिंग' असतो म्हणतात.

तसं असलं तरी आलेखाचा एक सराव असा आहे की त्यासाठी रायटिंग शिकवणाऱ्या मॅडमना दाद द्यायलाच हवी. त्यांनी सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचा तक्ता करून दिलाय, तासागणिक फुटांत. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. सांगलीतल्या शाळकरी पोराला हे आकडे पाठ असतात, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं हेही कुणाला सांगावं लागत नाही. तक्त्यात पातळी ४० वरून ४५ वर जाते. यावर वर्गातली निम्मी मुलं लिहितात 'इन्क्रीज्ड बाय ४५ फीट', म्हणजे नदी एकदम ४५ फुटांनी वाढली! मॅडम मराठीतूनच सोडवतात: 'फुटांनी' म्हणायचं तिथे बाय, 'फुटांपर्यंत' म्हणायचं तिथे टू. पाणी ५ फुटांनी वाढलं आणि ४५ फुटांपर्यंत गेलं. एकदा कळलं की ही चूक पुन्हा होत नाही.

याच तक्त्यावर दुसरा धडा. प्रत्येक मुलाला लिहायचा मोह होतो की कोयनेतून विसर्ग वाढवला म्हणून पाणी चढलं. खरं असेल, पण तक्त्यात कोयना नाही. पहिल्या प्रश्नात जे चित्रात दिसतं तेवढंच लिहायचं, कारणं आपल्या पदरची घालायची नाहीत. आणि आकड्यांची जंत्री सुरू करण्याआधी एकूण काय झालं ते एक-दोन वाक्यांत सांगायचं: पातळी सुरुवातीला झपाट्याने चढली, मग स्थिरावली, शेवटी हळूहळू उतरली. हा ओव्हरव्ह्यू नसेल तर बाकीचं कितीही नेटकं असो, त्या निकषावर बँड पाचाच्या आसपास अडकतो. मॅडम तो परिच्छेद सुरुवातीलाच, प्रस्तावनेच्या लगेच खाली लिहायला लावतात. बरोबर करतात, शेवटी ठेवला की वेळ संपल्यावर तोच राहतो.

निबंधाला आलं की सगळा कारभार साच्यावर जातो. छापील कागदावर तयार वाक्यं देतात आणि मोकळ्या जागा भरायच्या. 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स', 'इन धिस मॉडर्न एरा' वगैरे. परीक्षकाने ही वाक्यं हजारदा वाचलेली असतात, आणि पाठ केलेली भाषा मार्क कमी करण्याचंच कारण ठरते. त्यात आपली शाळेतली सवय: नमनाला घडाभर तेल. ९० शब्दांची प्रस्तावना, त्यात एक सुविचार, आणि तुमचं मत काय ते कुठेच नाही. प्रश्नात 'टू व्हॉट एक्स्टेंट' विचारलं असेल तर पहिल्याच परिच्छेदात सरळ सांगायचं, सहमत आहात की नाही आणि किती. प्रस्तावना ४० शब्दांत उरकावी. मग दोन भरीव परिच्छेद, प्रत्येकात एकच मुद्दा, त्यामागचं कारण आणि एक ओळखीचं उदाहरण. समारोप दोन वाक्यांचा. पाच मिनिटं आखणी, तीस लेखन, पाच तपासणी. २७० ते २९० शब्द पुरे; २५० च्या खाली गेलात तर नुकसान, ३५० लिहिलेत तर जास्तीच्या शंभरात जास्तीच्या चुका.

तपासणीचा प्रश्न सगळ्यात गंभीर. एका निबंधाची परत आलेली वही समोर धरा: स्पेलिंगखाली लाल रेघा, शेवटी 'गुड', त्याखाली '६.५'. संपलं. हे साडेसहा आलं कुठून? रायटिंगला चार निकष असतात आणि चारही समान वजनाचे: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणी आणि सलगता, शब्दसंपदा, व्याकरण. चार आकडे वेगळे मिळाले नाहीत तर पुढच्या निबंधात काय सुधारायचं ते कळणार कसं? त्याच वहीत 'अकॉर्डिंग टू मी' तीनदा आहे, म्हणजे 'माझ्या मते'चं शब्दशः इंग्रजी. 'डिस्कस अबाउट' आहे, 'मेनी पीपल्स' आहे, आणि 'द' जवळजवळ कुठेच नाही, कारण मराठीत त्याला जोड नाही. एकावरही खूण नाही.

मॅडमना दोष देण्यात अर्थ नाही. २५० शब्दांचा निबंध नीट तपासायला पंधरा मिनिटं लागतात. २४ मुलं म्हणजे एका निबंधाला सहा तास. तपासणारी व्यक्ती एकच. म्हणून वही आठ-दहा दिवसांनी येते, तोवर मुलाने त्याच चुका आणखी दोनदा गिरवलेल्या असतात. वर्गाने एकतर बॅच बारावर आणावी किंवा तपासायला आणखी एक माणूस ठेवावा. तोवर तुम्ही करायचं ते एवढंच: वहीच्या मागच्या पानावर स्वतःच्या चुकांची यादी ठेवा, आणि शेवटची पाच मिनिटं सगळा निबंध वाचण्याऐवजी फक्त त्या यादीतल्या चुका शोधा.

संगणकावर लिहिण्याचा सराव वर्डमध्ये करून घेतात. चूक. वर्ड चुकीच्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ मारतं, काही शब्द न सांगता दुरुस्तही करतं. परीक्षेत शब्दसंख्या दिसते, पण स्पेलिंग कुणी सुधारून देत नाही. नोटपॅड उघडून मागा.

काउंटरवर एक गोष्ट आपणहून सांगत नाहीत, ती इथे. चारही विषयांची सरासरी काढून ती अर्ध्या बँडला जुळवतात: ६.५, ६.५, ५ आणि ७ यांची सरासरी ६.२५, ती होते ६.५. वर्गाच्या जाहिरातीच्या फलकावर झळकतो तो हाच आकडा. पण अनेक विद्यापीठांची अट असते की कुठल्याही विषयात ६ च्या खाली नको, आणि त्या पाचावर प्रवेश अडतो. तो पाच बहुधा रायटिंगचा असतो. संगणकावर परीक्षा दिली असेल तर एकच विषय पुन्हा देण्याची सोय आहे, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत; पण तुमचं विद्यापीठ तसा निकाल घेतं का ते आधी त्यांनाच ईमेल करून विचारा. परीक्षेची फी पंधरा हजारांच्या वर आहे आणि निकाल दोनच वर्षं चालतो, तेव्हा घाईने तारीख घेऊ नका.

फीमध्ये जुळवून घेतात. फक्त लिसनिंगची चार आठवड्यांची बॅच मागितली तर निम्म्यात देतात, पाटीवर लिहिलेलं नाही. उरलेल्या पैशांत निबंध तपासून देणारा कुणी चांगला इंग्रजीचा प्राध्यापक गाठा, दर निबंधामागे पैसे ठरवा आणि चार आकडे वेगळे लिहून मागा. बॅच घेताना मागच्या बाजूच्या खोलीची घ्या, तिथे रस्त्याचे हॉर्न ऐकू येत नाहीत.