रात्रीच्या मालवाहू विमानाचा भरवसा : ब्लू डार्टची हवाई सेवा

पुण्याजवळ भोसरीच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) व्हॉल्व्ह आणि सिलिंडर दुरुस्त करण्याचा आमचा छोटा कारखाना आहे. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला एखाद्या ग्राहकाचे प्रेस यंत्र बंद पडले, की दुरुस्त व्हॉल्व्ह दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात पोहोचावा लागतो. तो पोहोचला नाही तर त्याची अख्खी उत्पादनाची लाइन थांबते आणि पुढचे काम आमच्याकडे येत नाही. अशा तातडीच्या मालासाठी आम्ही अनेक वर्षे ब्लू डार्टची हवाई सेवा वापरत आहोत.

ब्लू डार्ट ही 1983 मध्ये मुंबईत सुरू झालेली कुरियर कंपनी सगळ्यांना माहीत असते, परंतु तिची स्वतःची विमान कंपनी आहे हे अनेक जुन्या ग्राहकांनाही ठाऊक नसते. ब्लू डार्ट एव्हिएशनने 1996 मध्ये बोइंग 737-200 जातीच्या मालवाहू विमानांनी सुरुवात केली, 2006 पासून बोइंग 757 आणली आणि अलीकडे त्यांच्या जोडीला 737-800 घेतली. मुख्य तळ चेन्नईला आहे. प्रवासी कंपन्यांच्या शेकडो विमानांपुढे हा ताफा अगदीच लहान असून तो दिल्ली, मुंबई, बेंगळुरू, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद, अहमदाबाद अशा मोजक्याच शहरांना जोडतो. तरीही या सेवेचे खरे मोल याच ताफ्यात आहे, असे माझे मत आहे.

याचे कारण असे, की बरीच हवाई पार्सले प्रवासी विमानाच्या पोटातून जातात आणि तिथे पहिला मान प्रवाशांच्या सामानाचा असतो. बॅगा जास्त झाल्या किंवा हवामानामुळे जादा इंधन भरावे लागले, की वजन कमी करण्यासाठी आधी माल उतरवला जातो. एका दुसऱ्या कंपनीमार्फत (तिचे नाव घेत नाही) पाठवलेला आमचा 38 किलोचा खोका असाच दोन रात्री विमानतळावर पडून राहिला आणि तिसऱ्या दिवशी मला ग्राहकाकडे जाऊन माफी मागावी लागली. मालासाठीच उडणाऱ्या विमानात हा प्रश्न येत नाही. 757 च्या मालवाहू रूपात खिडक्या बंद केलेल्या असतात, पुढच्या भागात डावीकडे मोठा दरवाजा असतो आणि आधीच भरून ठेवलेले सुमारे पंधरा कंटेनर एकामागून एक आत सरकवले जातात. विमानाची वेळही पार्सलांच्या सोयीने ठरते, म्हणजे संध्याकाळी माल गोळा झाल्यावर ते रात्री उडते आणि उजाडेपर्यंत माल दुसऱ्या शहरात पोहोचलेला असतो.

या व्यवस्थेत माणसांचे लक्ष किती असते, याचा एक अनुभव सांगतो. एकदा चाचणीनंतर सिलिंडरमधले तेल पूर्ण निथळायच्या आत आमच्या मुलाने तो पॅक केला. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने खोका उचलताच तळाला बोट लावले आणि बोटावरचा तेलाचा डाग मला दाखवून माल परत दिला. त्या क्षणी मी चिडलो होतो, पण विमानात गळणारा खोका शेजारच्या औषधांच्या पेट्या खराब करू शकतो, हे त्याने शांतपणे समजावून सांगितले. तेव्हापासून आम्ही सिलिंडरच्या प्रत्येक पोर्टला (तेलाच्या तोंडाला) प्लास्टिकचे बूच लावतो आणि सिलिंडर जाड पिशवीत बांधूनच खोक्यात ठेवतो.

दर मात्र नीट समजून घ्यावेत. एक्सप्रेस सेवेत लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटिमीटरमधला गुणाकार सहसा 5000 ने भागून आकारमानाचे वजन काढतात आणि ते प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावरच पैसे लागतात. 60 × 50 × 40 सेंटिमीटरच्या खोक्यात 9 किलोचा व्हॉल्व्ह ठेवला, तर बिल 24 किलोचे येते. आम्ही मापाचे खोके करून घेतले आणि खर्च लगेच उतरला. त्यावर इंधन अधिभार येतो, तो दर विचारतानाच विचारून घ्यावा.

माझी मोठी तक्रार अंतराची आहे. पुण्याचा माल आधी रस्त्याने मुंबईला जातो, त्यामुळे आमच्याकडचा पिकअप लवकर बंद होतो आणि पावसाळ्यात बोरघाटात वाहतूक तुंबली की जीव टांगणीला लागतो. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची असल्याने इथे विमानाला उड्डाणाच्या वेळा मिळणे सोपे नाही, हे मान्य आहे. तरी एवढ्या मोठ्या औद्योगिक पट्ट्याला रात्रीचे मालवाहू विमान असायला हवे. महाराष्ट्रात असा प्रयत्न झालाही होता. एअर डेक्कनचे संस्थापक कॅप्टन गोपीनाथ यांनी 2009 मध्ये नागपूरला केंद्र करून डेक्कन 360 ही मालवाहू विमान कंपनी सुरू केली, पण ती 2011 मध्ये बंद पडली. माझ्या समजुतीप्रमाणे अशा कंपनीला रोज रात्री विमान भरेल इतका स्वतःचा माल लागतो, आणि ब्लू डार्ट एव्हिएशनला तो मूळ कुरियर कंपनीकडून मिळतो.

त्यामुळे ज्या मालाला दोन-चार दिवस चालतात, तो आम्ही ट्रकनेच पाठवतो. ग्राहकाची लाइन थांबलेली असेल, तर मात्र दुपारी चारच्या आत पॅकिंग उरकून, खोक्याचे माप एअरवे बिलाशी (मालासोबतच्या पावतीशी) ताडून आम्ही माल विमानानेच रवाना करतो.