डीव्हीडी मेनूतली अक्षरं: बॅकग्राऊंडमध्ये की सबपिक्चरमध्ये?

जळगाव-धुळ्याकडं लग्नाची डीव्हीडी करणाऱ्यांनी हे एकदा नीट बघाच, कारण "हळद", "लग्न", "वरात" ही बटणं टीव्हीवर फुटकी दिसली की पार्टी आधी तेच बोलून दाखवते.

बॅकग्राऊंडच्या फोटोतच अक्षरं टाकली तर कडा गुळगुळीत येतात, रंग हवे तेवढे. पण हे सगळं एमपेग-२ मधून (डीव्हीडीचं चित्र दाबून लहान करायची पद्धत) जातं आणि त्यात रंगाची माहिती उभी-आडवी निम्मीच राहते, म्हणून लाल पत्रिकेवर हिरवी अक्षरं टाकली की कडेला रंग पसरणारच, गडद मरून वर पांढरी किंवा फिकट पिवळी टाका, मस्त दिसतात.

सबपिक्चर म्हणजे हायलाइटचा थर, रिमोटनं निवडलेलं बटण उठून दिसावं म्हणून चित्रावर येणारा, तो एमपेग-२ मधून जात नाही म्हणून कडा एकदम कडक, पण एका वेळी रंग फक्त ४ आणि त्यातला एक पारदर्शक ठेवावा लागतो, मग वेलांट्या, जोडाक्षरं पायऱ्या-पायऱ्यांची दिसतात. त्यात फक्त बटणाखालची पट्टी किंवा बाण ठेवा.

माझं मत सरळ आहे, मराठी अक्षरं बॅकग्राऊंडमध्येच. फक्त शिरोरेषा जाड घ्या, निदान २-३ पिक्सेल, एका पिक्सेलची असली की जुन्या डबा टीव्हीवर इंटरलेसमुळं (चित्राच्या ओळी एकाआड एक दाखवल्या जातात त्यामुळं) नुसती थरथरते. आणि पाल (PAL, आपल्याकडची टीव्हीची पद्धत) डीव्हीडीचं पान ७२० × ५७६ पिक्सेल असतं पण पिक्सेल चौरस नसतात, म्हणून ४:३ आकाराच्या पडद्यासाठी ७६८ × ५७६ वर डिझाइन करून शेवटी ७२० वर आणा, नाहीतर टीव्हीवर अक्षरं फाकतात.